पूर्ण भारासह

गाडी गॅसची घ्यावी की डिझेलची, असं ऑफिसात कुणी मला विचारलं की मी विषय बदलतो. चहा मागवतो, पोराबाळांची चौकशी करतो, काहीही करतो, पण उत्तर देत नाही. लोकांना वाटतं, साहेबांना गाड्यांतलं कळत नाही. कळतं हो. जेवढं कळतं तेवढं एका माणसानं शिकवलं, आणि त्या माणसाचं मी काय केलं ते सांगायला बसलोय. मध्येच कुठे मी स्वतःची बाजू घ्यायला लागलो तर खुशाल समजा की हा गडी पुन्हा पळवाट शोधतोय.

हणमंत घाडगे त्यांचं नाव. ऑफिसात सगळे त्यांना ‘हवलदारसाहब’ म्हणत, मी नाना म्हणायचो. मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. फौजेत ड्रायव्हर होते. शेवटची पोस्टिंग झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत झाली, आणि तिथून सुटल्यावर गावी जायच्या ऐवजी ते झाशीतच राहिले, कारण बायको तिथल्याच समथर गावची होती आणि तिला माण तालुका म्हणजे काय ते एकदा बघून पुरे झालं होतं. मग ते आमच्या खात्यात ड्रायव्हर म्हणून लागले. आमचं काम म्हणजे वीज उपकेंद्रांतल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची देखभाल. ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलात ओल शिरली की ते गाळून, तापवून पुन्हा भरावं लागतं. त्याचं अवजड यंत्र तेलाच्या टाकीसकट एका ट्रेलरवर बसवलेलं होतं. तो ट्रेलर पिकअपच्या मागे जोडून नाना सगळा जिल्हा पालथा घालायचे.

मी सांगलीचा. बायकोमुलं तिकडेच ठेवून एकटाच झाशीला बदलीवर आलो तेव्हा माझं हिंदी ऐकून शिपाई तोंड फिरवून हसायचे. पहिल्याच आठवड्यात मी व्हरांड्यात उभा राहून फोनवर आईशी भांडत होतो. भाजीवाल्यानं मला कसं गंडवलं ते सांगत होतो. फोन ठेवला तर मागे एक उंच, वाळकुडा, मिशा कातरलेला माणूस उभा.

“सांगली का मिरज?” त्यानं विचारलं.

मला रडायलाच आलं. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं.

“सांगली,” मी म्हणालो.

“मग भाजी मी आणून देत जाईन. तुमचं ते हिंदी घिऊन बाजारात जाऊ नगा.”

त्या रविवारी त्यांनी मला लक्ष्मी गेटजवळच्या घरी जेवायला नेलं. दोन खोल्या, दारात एक फाटका टायर आणि त्यात लावलेली तुळस. वहिनी बुंदेली बोलायच्या, मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. मुलीला मराठी समजायचं, पण बोलताना ती लाजायची. घरात मराठी बोलणारे नाना एकटेच. म्हणजे ते मराठीत विचारायचे आणि घर त्यांना दुसऱ्याच भाषेत उत्तर द्यायचं. वीस-बावीस वर्षं असंच चाललेलं. त्या दिवशी मी तीन तास त्यांच्याशी मराठी बोललो. वहिनी मला वाढता वाढता म्हणाल्या, “भैया, आते रहा करो. ये आज दो रोटी ज़्यादा खाए हैं.” मी तेव्हा हसलो. ते वाक्य किती भारी आहे ते मला पुढे कळलं, आणि कळलं ते वापरून घेण्यापुरतं.

नाना बोलायचे कमी, पण गाडीवर विषय आला की त्यांना आवरणं कठीण. गाडी सुरू करताना त्यांना कुणी बोललेलं चालायचं नाही. किल्ली फिरवायच्या आधी हात वर करायचे, मग शेजारी कार्यकारी अभियंता बसलेला का असेना. “आधी तिला बोलू द्या, मग तुमी,” म्हणायचे. इंजिनाचा आवाज दोन मिनिटं ऐकायचे, मान हलवायचे, मगच निघायचे. पुसायचं फडकं रोज स्वतः धुवायचे. दुसऱ्या कुणी गाडीला हात लावला की बोलायचे नाहीत, पण त्या जागेवर फडकं फिरवायचे, आणि ते त्या माणसाच्या देखत.

त्यांची एक चाचणी होती. नवी असो, जुनी असो, कुणाचीही गाडी बघायला गेले की ते पाच धट्टीकट्टी माणसं गोळा करून आत बसवायचे आणि गाडी किल्ल्याच्या चढावर न्यायचे. चढाच्या मध्यावर उभी करायची, हँडब्रेक लावायचा, आणि तिथून पुन्हा उचलायची. मागे वीतभर जरी सरकली तरी गाडी नापास. आमच्या एका लेखाधिकाऱ्यांनी हौसेनं मोठी पांढरी गाडी पसंत केली होती. शोरूमचा टाय घातलेला माणूस चार गोष्टी इंग्रजीत सांगत होता. नानांनी त्यालाच मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये कोंबला आणि चढावर नेला. गाडी दोन हात मागे आली. टायवाला म्हणाला, “सर, नॉर्मल यूज़ में ऐसी कंडीशन आती ही नहीं.”

नाना म्हणाले, “भैया, मुसीबत कब नॉर्मल यूज़ में आती है?”

लेखाधिकाऱ्यांनी ती गाडी घेतली नाही. शोरूमवाल्यानं नानांना दारात उभं करायचं बंद केलं. नानांना त्याचा कोण अभिमान!

ट्रेलर मागे कसा घ्यायचा तेही मला त्यांनीच शिकवलं. मी इंजिनिअर, मला काय गरज? पण त्यांचं म्हणणं, “ज्याच्या सहीनं गाडी निघती त्याला गाडी मागं घ्यायला यायला पायजे.” एका सकाळी लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत मला घेऊन गेले. ट्रेलर डावीकडे जायला हवा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, एवढी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात शिरेना. सहा वेळा ट्रेलर आडवा झाला. मग त्यांनी एका पेरूवाल्याची रिकामी हातगाडी मागून आणली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ढकला उलटी.” महालक्ष्मीच्या दर्शनाला आलेल्या बायका थांबून बघत होत्या. राजपत्रित अधिकारी पेरूची गाडी उलटी ढकलतोय आणि मागून एक म्हातारा ओरडतोय, “डावं! डावं म्हंजी तुमचं न्हाई, तिचं!” अर्ध्या तासानं मला जमलं. त्यांनी पेरूवाल्याकडून दोन किलो पेरू घेतले आणि सगळे मला दिले.

आणि त्यांचं सर्व्हिस कार्ड. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. फौज आणि खातं मिळून छत्तीस वर्षं त्यांनी गाडी चालवली होती, आणि एकही शेरा नव्हता. ना अपघात, ना ताकीद, ना कुणाची तक्रार. इतर माणसं मुलाच्या नोकरीबद्दल बोलतात, बांधलेल्या घराबद्दल बोलतात. नाना कार्डाबद्दल बोलायचे. “माझ्याकडं दुसरं काय हाय, साहेब? गावची जमीन भावांनी खाल्ली. पोरीला माझी भाषा येत न्हाई. कार्ड तेवढं कोरं हाय. कोरं घिऊन जाणार.” रिटायर व्हायला त्यांना वर्षभर उरलं होतं.

त्याच वर्षी आमची जुनी पिकअप गेली. सरकारी गाडीला पंधरा वर्षं झाली की ती कितीही ठणठणीत असली तरी भंगारात काढावी लागते. डिझेलवर चालणारी, ओबडधोबड, पण भरला ट्रेलर घेऊन कुठलाही चढ चढणारी गाडी. ती नेली त्या दिवशी नाना जेवले नाहीत. नव्या गाडीसाठी तिघांची समिती नेमली, तिचा सचिव मी. वरून पत्र आलं होतं की शक्यतो गॅसवरची गाडी घ्यावी. धूर कमी, खर्च कमी, आणि अहवालात दाखवायला चांगलं. आमच्या मोठ्या साहेबांनी ‘शक्यतो’ हा शब्द वाचलाच नाही.

नाना माझ्या केबिनमध्ये आले, पहिल्यांदाच न विचारता खुर्चीवर बसले.

“साहेब, गॅस वाईट न्हाई. माझ्या जावयाला मीच गॅसची गाडी घ्यायला लावली. माणसं न्यायची, सामान न्यायचं, तर गॅसच घ्यावी. पण आपल्याला वढायचंय. डिझेलचं इंजिन हळू फिरतानाच जोर लावतं. गॅसवालं आधी बोंबलतं, मग जोर लावतं. चढावर ते बोंबलूस्तोवर क्लच अर्धा दाबून धरावा लागतो, आणि मागं टनावारी तेल असलं की क्लच जळतो. एकदा जळला की गाडी तुमची न्हाई, उताराची.”

मला सगळं पटलं. पटलं हे मी शपथेवर सांगतो. मी साहेबांकडे गेलोसुद्धा. ते म्हणाले, “ट्रायल ले लो. ट्रायल में पास हो जाए तो आपके हवलदार को क्या दिक़्क़त?” म्हणजे निर्णय झालेला होता, कागद तेवढा बाकी होता.

तो मार्चचा शेवटचा आठवडा होता. एकतीस तारखेच्या आत गाडी घेतली नाही तर मंजुरी रद्द, मग पुढचं वर्षभर गाडीच नाही. ट्रायलला शोरूमनं गॅसची पिकअप दिली, पण आमचं तेल गाळायचं यंत्र त्या वेळी लांब एका उपकेंद्रावर चालू होतं. ते बंद करून आणणं शक्य नव्हतं. मी काय केलं? स्टोअरमधला रिकामा ट्रेलर जोडला, नानांना चालवायला बसवून कानपूरच्या सपाट हायवेवर वीस किलोमीटर नेला आणि परत आणला. गाडी सुरेख पळाली. पळणारच! आणि कचेरीत येऊन मी फॉर्म भरला. त्यात छापील ओळ होती: ‘पूर्ण भार सहित चढ़ाई पर परीक्षण’. तिच्यासमोर मी माझ्या हातानं लिहिलं, ‘संतोषजनक’. खाली तीन सह्या समितीच्या, चौथी चालकाची.

नानांनी फॉर्म वाचला. पेन खाली ठेवलं.

“भार कुठं होता, साहेब? चढ कुठं होता?”

समितीतले दोघं समोर बसलेले होते. त्यांना मराठी कळत नव्हतं. मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली आणून म्हणालो, “नाना, या सगळ्या परक्या लोकांत आपण दोघंच आहोत. मी तुम्हाला घरचं माणूस समजतो. माझ्यासाठी एवढं करा. काही झालं तर मी आहे ना.”

माझ्या तोंडून हे अगदी गोड, अगदी घरगुती मराठीत आलं. आईशी बोलतो तसं. मला माहीत होतं की त्यांच्याशी असं कुणी बोलत नाही. मला माहीत होतं की त्यांना नाही म्हणता येणार नाही. हिंदीत सांगितलं असतं तर त्यांनी मला सरळ सांगितलं असतं, “नियम से नहीं बनता, साहब.” म्हणून तर हिंदीत सांगितलं नाही. नीच, नीच काम. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

नानांनी माझ्याकडे बघितलं, पेन उचललं आणि सही केली.

पाऊसकाळ संपल्यावर ते झालं. दगडखाणींकडे जाणारा एक रस्ता आहे, खडीनं भरलेला, आणि त्यावर एक लांब चढ. नाना भरला ट्रेलर घेऊन निघाले होते, शेजारी आमचा तंत्रज्ञ रघुवीर. चढाच्या मध्यावर पुढे दगडांनी भरलेला ट्रॅक्टर बंद पडला. नानांना थांबावं लागलं. त्यांच्या मागे मोटारसायकलवर एक नवराबायको येऊन उभे राहिले. ट्रॅक्टर सुरू होऊन पुढे गेला, नानांनी गाडी उचलली, आणि ती उचलेना. नुसती थरथरत राहिली, जळका वास सुटला. ब्रेक लावला तरी खडीवरून चाकं घसरायला लागली. पुढे पिकअप, मागे ट्रेलर, आणि त्याच्या मागे ती दोघं, ज्यांना कळत नव्हतं की काय होतंय.

रघुवीरनं मला नंतर सांगितलं, “साहब, हवलदारसाहब ने एक सेकंड नहीं सोचा. हाथ उल्टा घुमाया और ट्रेलर को नाली में ठूँस दिया.” ट्रेलर आडवा होऊन कलंडला, पिकअप त्याच्यावर रेलून थांबली. मोटारसायकलवाल्यांना ओरखडासुद्धा नाही. मी तासाभरानं पोचलो तेव्हा यंत्राचा चुराडा झाला होता, सगळ्या रस्त्यावर तेल पसरलं होतं, आणि नाना, कपाळावर रक्त सुकलेलं, एका घमेल्यानं त्या तेलावर माती टाकत होते. कुणी घसरू नये म्हणून. मला बघून म्हणाले, “दोगंबी वाचली, साहेब.” एवढंच. एका शब्दानं त्यांनी ट्रायलची आठवण काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं.

चौकशीला मुख्यालयातून एक अधिकारी आले. फार सभ्य माणूस. नाना समोर उभे, प्रेस केलेला गणवेश, कपाळावर पट्टी. समितीचा सचिव म्हणून मी टेबलाच्या या बाजूला.

“गाड़ी में भार लेकर चढ़ने का दम नहीं था, साहब,” नाना म्हणाले.

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. “पर यहाँ तो लिखा है, पूर्ण भार सहित चढ़ाई पर परीक्षण, संतोषजनक. ये साइन आपका है?”

नानांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, विनवणीनं नाही, साधं बघितलं. आता साहेब बोलतील, असं बघितलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं: ते मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. त्या महिन्यात बढतीची यादी निघणार होती. त्यात माझं नाव होतं. मी फाइलीतलं पान उलटलं. पलीकडच्या पानावर टायरचा आकार लिहिला होता, तो मी वाचत बसलो.

“जी, साइन हमारा है,” नाना म्हणाले.

गाडी ठीक, ट्रायल ठीक, म्हणजे चूक ड्रायव्हरची. हिशोब अगदी सरळ होता. त्यांच्या कार्डावर शेरा आला: चालकाचा निष्काळजीपणा. छत्तीस वर्षांतला पहिला आणि शेवटचा. गाडी काढून घेतली आणि उरलेले चार महिने त्यांना स्टोअरच्या दारावर बसवलं. स्टोअर कँटीनच्या वाटेवर होतं. मी कँटीनला जायचं सोडलं, चहा केबिनमध्ये मागवायला लागलो. लक्ष्मी गेटकडे तर पाऊलच टाकलं नाही. वहिनींनी एकदा रघुवीरच्या हाती निरोप धाडला, “भैया काय नईं आउत?” म्हणजे, का येत नाहीत. मी सांगितलं, काम फार आहे. नानांच्या निरोप समारंभाला मी झाशीत होतो, पण दौऱ्यावर असल्याचं कळवलं. घरात पडदा ओढून बसलो होतो. बढती झाली.

त्यानंतर तीन वर्षांनी मी त्यांना शेवटचं पाहिलं. समथरला एका उपकेंद्राच्या कामासाठी गेलो होतो. बाजारात जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या दारात एक पिकअप उभी, आणि तिच्याजवळ नाना. पाठ जरा वाकलेली, मिशा पांढऱ्या, अंगात स्वेटर. जावई मंडपाचा धंदा करत होता, त्याला सामानाचा ट्रेलर ओढायला गाडी हवी होती. जावई गाडीभोवती फिरत होता, विचारत होता, “बाबूजी, ये वाली डीज़ल है, वो गैस है. बताओ ना, कौन सी लें?”

नाना म्हणाले, “हमसे मत पूछो बेटा. किसी जानकार को बुला लो.”

मग मी पुढे गेलो. जावई विक्रेत्याशी बोलायला आत गेला होता. मी म्हणालो, “नाना.”

त्यांनी वळून बघितलं. ओळखलं. दोन्ही हात जोडले. “नमस्ते साहब. कैसे हैं?”

मी तिथेच, रस्त्यात, सगळं बोललो. तीन वर्षं जे मनात घोळवत होतो ते. “नाना, माझी चूक झाली. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. ते मी लिहिलं होतं, तुम्ही नाही. तुमचं कार्ड मी खराब केलं. मी आत्ता लेखी देतो, मुख्यालयात जाऊन देतो, शेरा काढून घेतो.” शेजारचा चपलावाला बघायला लागला.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. “रहने दीजिए साहब,” ते म्हणाले. “रिमार्क ग़लत थोड़े ही है. बिना भार के भार का साइन किया था हमने. ड्राइवर ऐसा करे तो रिमार्क लगना ही चाहिए. आप परेशान मत होइए. बच्चे ठीक हैं?”

“बरे आहेत. नाना, ऐका तरी माझं.”

“भाभीजी ठीक हैं?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बबीन्यापासून झाशीपर्यंत मराठी माणूस दिसला की हा माणूस रस्ता ओलांडून त्याच्याशी बोलायला जायचा. मी एवढा वेळ मराठीत बोलत होतो आणि त्यांनी मला एक शब्द मराठीत दिला नव्हता.

“नाना,” मी म्हणालो, “माझ्याशी मराठीत बोला ना.”

उत्तर देताना त्यांच्या आवाजात काही कडवटपणा नव्हता. असता तर मी तो धरून बसलो असतो.

“मराठी में तो आपने साइन करवाया था, साहब,” ते म्हणाले, आणि जावयाला हाक मारायला आत गेले.